रुग्णवाहिका दारात आल्यावर

दवाखान्यात येणारी ज्येष्ठ मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, रुग्णवाहिका नेमकी कधी बोलवायची?" पुण्याच्या पेठांमध्ये माझा साधा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे आणि गेली नऊ वर्षे आठवड्यातील दोन रात्री मी एका सेवाभावी संस्थेच्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून जाते. त्यामुळे उत्तर मला ठाऊक असावे, ही त्यांची अपेक्षा रास्तच आहे. उत्तर आहेही, आणि ते पुढे देणार आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. रुग्णवाहिका दारात येऊन उभी राहिल्यावर पुढे काय करायचे, हे कोण ठरवणार? न्यायचे की नाही, न्यायचे तर कुठे, आधी उपचार करायचे की आधी निघायचे, हे निर्णय मध्यरात्री, अपुऱ्या उजेडात, निम्म्याशिम्म्या माहितीवर आणि घाबरलेल्या चार माणसांच्या देखत घ्यावे लागतात. त्यांतले बरेचसे आपल्या घरात, आपल्या शब्दावर होतात. म्हणून हा लेख आपल्यासाठी.

रुग्णवाहिका म्हटले की सायरन आणि वेग डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात शहरातील रस्त्यांवर सायरनमुळे वाचतात ती मोजकी मिनिटे. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनुसार दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तो कोणाला झालेला मी अद्याप पाहिलेला नाही. गंमत अशी, की अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरची अफाट गर्दी रुग्णवाहिकेसाठी बघता बघता दुभंगते, मंडळांचे कार्यकर्ते हातांची साखळी करून आम्हाला वाट देतात. आणि एखाद्या साध्या मंगळवारी मात्र बोळाच्या तोंडाशी कोणीतरी लावून गेलेल्या एका चारचाकीपुढे आमचे काही चालत नाही. तरीही वेळ सर्वाधिक जातो तो रस्त्यावर नव्हे. तो जातो पत्त्यात. "मारुतीच्या देवळाशेजारी या," असे सांगून फोन ठेवून देणाऱ्या भल्या गृहस्थाला कल्पना नसते, की पुण्यात मारुतीची देवळे किती आहेत. नाव, इमारत, मजला, लिफ्ट आहे की नाही, जवळची ठळक खूण आणि रुग्ण शुद्धीवर आहे का, एवढे सांगावे. समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवू नये. शक्य असल्यास एकाने खाली फाटकाशी उभे राहावे आणि जिन्यातला दिवा लावावा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून आहे. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. गर्भवती माता आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ हा वेगळा क्रमांक आहे. आमच्यासारख्या छोट्या संस्थांच्या गाड्या गावोगावी असतात, त्यांचे क्रमांकही माहीत असू द्यावेत.

आता तो 'कधी'. छातीत दाब किंवा जळजळ आणि सोबत घाम, बसूनही न थांबणारी धाप, तोंड वाकडे होणे, एका हातातले बळ जाणे, बोलणे अडखळणे, बेशुद्धी, न थांबणारी आकडी, न थांबणारा रक्तस्राव, पडल्यानंतर उभे राहता न येणे. यांपैकी काहीही असले तर उद्या सकाळपर्यंत थांबू नये. मधुमेही ज्येष्ठांच्या बाबतीत एक गोष्ट अधिक ध्यानात ठेवावी. हृदयविकाराचा झटका आला तरी त्यांच्या छातीत दुखेलच असे नाही. नुसता घाम, एकाएकी आलेला विलक्षण थकवा किंवा धाप एवढेच दिसू शकते.

आम्ही पोहोचण्यापूर्वी घरात काय केले गेले आहे, यावरही पुढचे पुष्कळ अवलंबून असते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालणे ही आपल्याकडची जुनी माया आहे. परंतु ते पाणी श्वासनलिकेत उतरते. मधुमेही माणूस एकाएकी बरळू लागला आणि तो गिळू शकत असला, तर साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास साखरेचे पाणी द्यावे. तो शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही देऊ नये. आणि सॉर्बिट्रेट! शेजारच्या काकांकडची ती गोळी जिभेखाली ठेवून मगच आम्हाला फोन केला जातो. त्या गोळीने रक्तदाब खाली येतो. आधीच खाली आलेला असेल तर तो आणखी खाली जातो, आणि आम्ही पोहोचतो तेव्हा झटक्याचा परिणाम कोणता आणि गोळीचा कोणता, हे उलगडत बसावे लागते. डॉक्टरांनी आपल्याला स्वतःसाठी लिहून दिली असेल आणि रक्तदाब ठीक असेल तरच ती घ्यावी. ॲस्पिरिनविषयी फोनवर विचारावे. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाची तक्रार नसल्यास साधारण ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाण्यास आम्हीच सांगतो.

येथवरचे सारे आपण इतरत्रही वाचले असेल. जिन्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

पेठांमधील जुन्या इमारती तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या, वळणावर अरुंद होणाऱ्या जिन्यांच्या. आणि त्यांत राहणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे. नव्या इमारतींत लिफ्ट असते, पण पुष्कळ ठिकाणी तीत स्ट्रेचर आडवे मावत नाही. आमच्या गाडीवर मी, एक परिचारक आणि चालक अशी तिघे. चालकांना सगळे मामा म्हणतात. त्यांच्या पाठीचे दुखणे याच जिन्यांनी दिलेले आहे. रुग्णाला खाली कसे न्यायचे, हा खरे तर वैद्यकीय निर्णय आहे. हृदय निकामी होत आलेल्या माणसाला स्ट्रेचरवर सपाट निजवले तर फुप्फुसांत साठलेल्या पाण्यामुळे तो गुदमरतो. त्याला बसवूनच, खुर्चीत न्यावे लागते. कंबरेचे हाड मोडलेल्या आजींना खुर्ची चालत नाही, त्यांना फळीवर आडवेच न्यावे लागते आणि वळणावर फळी तिरपी करावी लागते. त्या वेळी चार शेजारी लागतात. रात्री दोन वाजता दारावर थाप मारल्यावर उठून येणारे शेजारी मी पुण्यात भरपूर पाहिले आहेत. पुणेकरांविषयी इतर काही बोलायचे असल्यास खुशाल बोलावे.

या जिन्यावरचा सर्वांत कठीण रुग्ण म्हणजे "मी चालत येतो" म्हणणारे आजोबा. आयुष्यभर कोणाच्या खांद्यावर हात न टाकलेला माणूस छातीत कळ आलेली असताना चार लोकांनी उचललेल्या खुर्चीत बसायला तयार होत नाही. शेजाऱ्यांच्या दारांतून माणसे बघत असतात, हे त्याला अधिक लागते. एका निवृत्त शिक्षकांचा ईसीजी मी काढला, तो पाहताच झटका स्पष्ट दिसत होता, आणि ते म्हणत होते, "इस्त्रीचा सदरा घातल्याशिवाय मी बाहेर पडत नाही." वाद घालण्याने त्यांच्या हृदयावरचा ताण वाढला असता. मी सलाइनची सुई लावून होईपर्यंत त्यांच्या पत्नीने कपाटातून सदरा काढला, सुई नसलेल्या हातात बाही चढवली, उरलेला अर्धा खांद्यावरून पांघरला आणि बटणे उघडीच ठेवली. वेळ वाया गेला नाही. ते खुर्चीत बसले आणि खाली उतरेपर्यंत मान ताठ ठेवून बसले. मात्र असा झटका आलेल्या माणसाला तीन मजले चालू द्यायचे नाहीत, यावर मी कधीही तडजोड करत नाही. उतरणे सोपे वाटते. पण त्या हृदयाला ते पेलेलच असे नाही.

एक बारीकशी कुरकुर येथेच करून घेते. दार उघडणारे बहुतेक लोक माझ्याकडे पाहून माझ्या मागे बघतात आणि विचारतात, "डॉक्टर कुठे आहेत?" मागे मामा असतात.

हृदय बंद पडलेल्या माणसाच्या घरी आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी लागते. नातेवाईक ओरडत असतात, "उचला! चला लवकर! इथे काय करताय?" आणि आम्ही जमिनीवर गुडघे टेकून छाती दाबत असतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. जे करायचे आहे ते तिथेच, त्या फरशीवर होते. जिन्यात छाती दाबता येत नाही आणि धावत्या गाडीत ती नीट दाबली जात नाही. शॉक देण्याचे यंत्र आमच्या हातातच असते. पहिल्या क्षणापासून काहीच केले गेले नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. त्यामुळे पळत सुटणे हा त्या वेळी सर्वांत वाईट निर्णय ठरू शकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तोच सर्वांत चांगला दिसतो. आपल्या घरी असा प्रसंग आला आणि रुग्णवाहिकेतील माणसे लगेच उचलून धावली नाहीत, तर कृपया त्यांच्या खांद्याला धरून ओढू नका. फोनवरच तुम्हाला छाती दाबायला सांगितले गेले, तर घाबरून थांबू नका. बरगडी मोडली तरी चालेल.

कुठे न्यायचे, हा पुढचा प्रश्न. "आमचे नेहमीचे डॉक्टर तिकडे असतात," हे वाक्य मी प्रत्येक रात्री ऐकते. पहाटे तीन वाजता नेहमीचे डॉक्टर आपल्या घरी झोपलेले असतात. पक्षाघात असेल तर सीटी स्कॅन चालू असलेले रुग्णालय हवे, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. हे तास मोजायचे ते रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. सकाळी उठल्यावर तोंड वाकडे आढळले तर घड्याळ रात्री झोपण्यापूर्वीपासून सुरू झालेले असते. म्हणून मी दारातच विचारते, "शेवटचं नीट बोलताना कोणी आणि किती वाजता पाहिलं?" सून, मुलगा, कामवाल्या मावशी यांच्यात या प्रश्नावर अनेकदा एकमत होत नाही. हृदयाचा झटका असेल तर रात्री अँजिओप्लास्टी होऊ शकेल अशी जागा हवी, मग त्यासाठी दोन रुग्णालये ओलांडून जावे लागले तरी चालते. पण रक्तदाब लागतच नसेल किंवा श्वास थांबायला आला असेल, तर सगळ्यांत जवळचे दार हेच बरोबर. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल, तर तो हसत-बोलत असला तरी स्कॅन व्हायलाच हवा. अशा एका हसऱ्या आजींना नेण्यासाठी मला त्यांच्या जावयांशी वीस मिनिटे बोलावे लागले होते.

आणि मग फोनवर रुग्णालयाचे उत्तर येते, "बेड नाही." एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. यातला राग मी लपवत नाही. आणीबाणीतील रुग्णावर प्राथमिक उपचार करण्याचे कर्तव्य प्रत्येक डॉक्टरचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितले आहे. धर्मादाय रुग्णालयांना तर आणीबाणीच्या रुग्णाकडे अनामत रक्कम मागण्याची मुभा नाही. तसे मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेतच लिहिलेले आहे. हे आपल्याला माहीत असावे. तरीही दारात उभे राहून कायद्याची भाषा बोलण्यापेक्षा मी बहुधा असे म्हणते, "बेड नसू द्या. आमच्या स्ट्रेचरवरच तपासा, रक्तदाब सावरा, मग पुढे नेते." बहुतेक वेळा आतला तरुण डॉक्टर बाहेर येतो. तोही छत्तीस तास जागा असतो. मधल्या वेळात माझी एक नजर ऑक्सिजनच्या काट्यावर असते. पूर्ण भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दहा लिटर लागत असेल तर तो अडीच तासांत संपतो. तीन दारे फिरण्यात एक तास सहज जातो.

विनाकारण बोलावणाऱ्यांचा तुम्हाला राग येत नाही का, असेही लोक विचारतात. येतो. तीन दिवसांचा ताप, नियमित तपासणीसाठी फुकटची गाडी, लग्नाच्या जेवणानंतरचा गॅस. पण 'गॅस' या शब्दाखाली मी झटके पाहिले आहेत, आणि 'छातीत भयंकर दुखतंय' याखाली निव्वळ एकटेपणही. फोनवरच्या आवाजावरून यांतले काय खरे, हे ओळखण्याची विद्या माझ्याकडे नाही. कोथरूडमधील एका एकट्या राहणाऱ्या आजींकडे आम्ही दर महिन्या-दोन महिन्यांनी जातो. प्रत्येक वेळी रक्तदाब, साखर, ईसीजी सगळे नीट. प्रत्येक वेळी त्या लाडवाचा डबा पुढे करतात. आणि प्रत्येक वेळी तेवढा अर्धा तास ती गाडी दुसऱ्या कोणासाठी उपलब्ध नसते. याचा निकाल मला लावता आलेला नाही. मामांच्या मते मी त्यांना ठणकावून सांगायला हवे. लाडू मात्र मामाच घेतात.

आता जो निर्णय सर्वांत अवघड, त्याविषयी. तो म्हणजे न नेण्याचा.

दोन वर्षांपूर्वी नारायण पेठेतील एका घरातून रात्री दोनच्या सुमारास फोन आला. तिसरा मजला. पलंगावर श्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, दोन उशांना टेकून, ओठ निळसर, शब्दाशब्दाला थांबणारा श्वास. बोटाला यंत्र लावले तर ऑक्सिजन ७८. त्यांच्या पत्नीने फाइल आधीच काढून ठेवली होती. हृदयाची क्षमता २० टक्क्यांवर आलेली, मूत्रपिंडे दमलेली, वर्षभरात चार वेळा रुग्णालयात दाखल, शेवटच्या खेपेला नऊ दिवस व्हेंटिलेटर. मी ऑक्सिजन लावला, त्यांना आणखी सरळ बसवले, शिरेतून पाणी उतरवण्याचे इंजेक्शन दिले. पत्नी माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना आता कुठं नेऊ नका हो. त्यांनीच सांगून ठेवलंय." आणि त्याच वेळी सुनेच्या हातातील फोनवरून परदेशातील मुलाचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, "डॉक्टर, प्लीज, बाबांना ताबडतोब आयसीयूत न्या. मी तिकीट काढतोय. परवा पोचतो."

आपण माझ्या जागी आहात असे समजा. पत्नी खरे बोलत आहे, असे वाटते; पण ते केवळ वाटणे आहे. मुलगा मूर्ख नाही, क्रूरही नाही. त्याला वडिलांचा हात एकदा हातात घ्यायचा आहे, आणि व्हेंटिलेटर त्याला कदाचित ते दोन दिवस मिळवून देईल. खाली गाडीचे इंजिन चालू आहे. अशा वेळी मी कोणाचे मत मोजत नाही. रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला समजत असेल, तर आधी त्यालाच विचारायचे. ऑक्सिजन ८८ पर्यंत येईतो वीस मिनिटे थांबले. मग त्यांना विचारले, "आजोबा, हे कोणतं घर? बाहेर दिवस की रात्र?" उत्तरे बरोबर आली. "दम वाढतोय. रुग्णालयात गेलो तर परत नळी घालावी लागेल. नाही गेलो तर कदाचित हे सगळं इथंच थांबेल. काय करू या?" ते म्हणाले, "घरी." मी त्यांच्या कानाशी फोन धरला. मुलगा काय बोलला ते मी ऐकले नाही, ऐकायचे नव्हते. बऱ्याच वेळाने आजोबांनी एवढेच उत्तर दिले, "तू ये. मी बघतो."

आम्ही त्यांना नेले नाही. नकाराच्या कागदावर त्यांनी स्वतः वेडीवाकडी सही केली, पत्नीने साक्षीदार म्हणून केली. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी फोन करून उठवले. ते सकाळी सातला घरी आले आणि दुपारपर्यंत ऑक्सिजनचे यंत्र भाड्याने आले. त्या घरात आमची सत्तर मिनिटे गेली होती. दरम्यान आलेला दुसरा फोन आमच्या समन्वयक बाईंना १०८ कडे वळवावा लागला. मामा त्यासाठी दोनदा वर येऊन दारात उभे राहून गेले.

आजोबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले. मुलगा त्यानंतरच्या सकाळी पोहोचला. महिन्याभराने त्याने मला फोन केला. तो रागावलेला नव्हता. त्याने विचारले, "नेलं असतं तर भेट झाली असती का?" मी म्हणाले, "कदाचित झाली असती. बोलणं झालं नसतं." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि "बरं" म्हणून त्याने फोन ठेवला. त्या 'बरं'चा अर्थ मला आजही पक्का सांगता येणार नाही.

या घरात दोन गोष्टी आधीच झालेल्या होत्या, म्हणून तो निर्णय शक्य झाला. आजोबांनी आपले मत पत्नीला सांगितले होते. मुलाला मात्र सांगायचे राहिले होते. आणि एक डॉक्टर त्यांना नियमितपणे घरी येऊन पाहत होते. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व लोकांना फार उशिरा कळते. घरी झालेल्या मृत्यूच्या कारणाचा दाखला, ज्याला नमुना ४-अ म्हणतात, तो अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा असतो. मी रुग्णवाहिकेतून आलेली परकी डॉक्टर. ज्यांना जिवंतपणी कधी पाहिले नाही, त्यांच्या मृत्यूचे कारण मी कसे लिहिणार? एका घरी पहाटे गेलो, तर एकोणनव्वद वर्षांच्या आजी झोपेतच गेलेल्या होत्या, अंग गार पडले होते. दोन वर्षांत कोणत्याही डॉक्टरने त्यांना तपासलेले नव्हते. "काही त्रासच नव्हता," असे मुलगा म्हणाला. मग रुग्णालय, 'मृतावस्थेत आणले' अशी नोंद, पोलीस, शवविच्छेदन. शेवटी निघाले ते सारे नैसर्गिकच. पण मुलगा बारा तास शवागाराच्या बाहेर बसून होता. अंथरुणाला खिळलेल्या किंवा फार वृद्ध माणसाला दर महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरने घरी येऊन पाहावे आणि ते कागदावर लिहावे. औषधात काही बदल करायचा नसला तरी.

हल्ली 'लिव्हिंग विल'विषयी बरीच विचारणा होते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी तिला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ती करता येते. जरूर करावी, प्रत आपल्या डॉक्टरांना द्यावी. पण एक गैरसमज काढून टाकते. बरे न होणाऱ्या आजारात कृत्रिम उपचार सुरू न करण्याचा किंवा थांबवण्याचा तो निर्णय रुग्णालयात, डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या संमतीने होतो. रात्री दोन वाजता आमच्या हातात तो कागद ठेवला म्हणून मी छाती दाबणे थांबवू शकेनच असे नाही, विशेषतः रुग्ण बेशुद्ध असेल आणि मुलांपैकी एक जण "करा" म्हणत असेल तर. घरातच शांतपणे जाऊ द्यायचे ठरले असेल, तर त्या रात्री फोन कोणाला करायचा हेही ठरवून ठेवावे लागते. तो फोन रुग्णवाहिकेला नव्हे, आपल्या डॉक्टरांना करायचा असतो. त्यांचा रात्रीचा क्रमांक मागून घ्यावा आणि ते येतील का, हे आत्ताच स्पष्ट विचारावे. परदेशातील मुलालाही हे त्यांच्याच तोंडून, दिवसाउजेडी, व्हिडिओ कॉलवर ऐकू द्यावे.

शेवटी एक छोटे काम, आज संध्याकाळीच करण्यासारखे. एका कागदावर रुग्णाचे नाव, वय, आजार, चालू औषधे मात्रेसह, रक्त पातळ करणारी गोळी असल्यास ती लाल अक्षरात, ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि दोन नातेवाइकांचा फोन लिहावा. किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे असते, त्यांचे नावही लिहावे. जुना ईसीजी आणि शेवटच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत त्याच पाकिटात घालावी. जुना ईसीजी समोर असला की नवा वाचताना मला फार मदत होते. पाकीट फ्रिजवर किंवा दाराच्या आतल्या बाजूला अडकवावे. देवघरात, कपाटात किंवा गादीखाली नको. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत मजला लिहा. लिफ्ट नसेल तर तेही लिहा आणि फोनवर तेच आधी वाचून दाखवा, म्हणजे आम्ही खुर्ची घेऊनच वर येऊ.